रिंगला लावलेलं खोबरेल

साडूच्या कॅमेऱ्याच्या पाणबंद पेटीला मी खोबरेल लावलं. अजूनही इथे आखातात, सीब गावातल्या घरात बायको केसांना तेल लावायला बसली की त्या वासासरशी मी बरक्याच्या किनाऱ्यावरच्या त्या होडीत जाऊन पडतो.

पेटीच्या झाकणाला रबरी रिंग असते. तिला सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि कॅमेरा ठेवण्याआधी रिकामी पेटी बादलीत बुडवून बघायची, असं साडूने बजावलं होतं. कॅमेरा म्हणजे त्याचा जीव की प्राण. मी मनात म्हटलं, हा भित्रा मला, रत्नागिरीच्या माणसाला, पाणी शिकवतोय! ग्रीस घरी विसरलो होतो. पिशवीत तेलाची बाटली होती. आधी केस चोपडले, मग त्याच बोटांनी रिंग. बादलीच्या नादी लागलोच नाही.

पेटीत कॅमेरा घालून बुडी मारली. खाली निळ्याशार पाण्यात कासव अगदी समोर आलं, आणि पेटीच्या काचेआड समुद्र डुचमळू लागला.

होडीत साडूने पेटी उघडली. खारट, कोमट खोबरेलाचा भपकारा आला. रिंगवर माझा एक केस ऐटीत आडवा पडला होता. तेव्हा मी त्या रिंगलाच शिव्या घातल्या. आता तेव्हाचा तो शहाणा मी आठवलो की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

साडू कॅमेऱ्यातलं पाणी ओतत म्हणाला, "खलास! अहो साडूभाऊ, रिकामी पेटीच बुडवायची होती ना? मग स्वतःचं डोकं घालायचं बादलीत!"