पाणी न सोडणारा वाफा

आमच्या दवनीवाड्यात आणि आसपासच्या दहा-पंधरा गावांत माझ्या भाऊजींसारखा दुसरा माणूस सापडायचा नाही. त्यांना काम सांगावं लागत नाही, थांबायला मात्र सांगावं लागतं. आणि तसं सांगण्याची हिंमत आजवर फक्त माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे त्यांच्या बायकोनेच केली आहे. वय बासष्ट, अंग तुराटीसारखं, पण कुदळ हातात आली की समोर जमीन कोणाची आहे याचं भान त्यांना राहत नाही. गोंदियात मी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला ते आले, देवापुढे हात जोडले आणि दिसेनासे झाले. पानं वाढून झाली तरी पत्ता नाही. शोधता शोधता घरामागे सापडले, तेव्हा नवा कोरा लेंगा गुडघ्यांपर्यंत गुंडाळून त्यांनी माझ्या न्हाणीच्या पाण्यासाठी चांगली आठ हात नाली खणून काढली होती. गवंड्याने उतार उलटा दिला होता म्हणे. तो खरंच उलटा होता, हे मला पुढे पावसाळ्यात कळलं.

जमिनीच्या पोटात काय आहे आणि पाणी कुठून येऊन कुठे जातं, या दोन गोष्टींचं त्यांना लहान मुलासारखं कुतूहल. एका भाचीसाठी स्थळ पाहायला गेलो होतो. बाकीचे मुलाची नोकरी विचारत होते, आणि हे अंगणातली चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटून बसले. परत येताना मी मत विचारलं, तर म्हणाले की पोरगा ठीक आहे, माती जरा खारट आहे. कचारगडच्या यात्रेत गुहेत पोचल्यावर देवदर्शन झालं, सगळे निघाले, आणि हे कातळाच्या छतावरून टपकणारं पाणी बघत मान वर करून उभे. हे पाणी येतं कुठून, असं त्यांनी चार जणांना विचारलं. शेवटी तिथल्या एका आदिवासी म्हाताऱ्याने 'वरून' एवढंच उत्तर दिलं, आणि ते त्यांना फार पटलं. बोदलकशाला आम्ही सहकुटुंब सहलीला गेलो तर मासे तळून निवून गेले तरी हे तलावाच्या पाळीवर वाकून ओल शोधत फिरत होते. एका जागी ओल सापडलीही. ती चहावाल्याने फेकलेल्या पाण्याची निघाली, तेव्हा कुठे घास त्यांच्या घशाखाली उतरला. याचं कारण उघड आहे. धान पिकवणाऱ्याच्या सात पिढ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी अडवण्यात जातात. खेकड्याने धुऱ्याला, म्हणजे मातीच्या बांधाला, बोटभर भोक पाडलं तरी रातोरात बांधी कोरडी होते. त्यामुळे वाहून जाणारं पाणी दिसलं की या माणसाला घरातून चोर पळून जाताना दिसल्यासारखं होतं.

मागच्या भादव्यात ताई शेवाळलेल्या अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की आता वॉकर धरून रोज चालायचं. आत्ता उठल्या नाहीत तर पुढे पाय उठू देणार नाही. फक्त खाली वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, जन्मभर. एवढं ऐकून ताई भिंतीकडे तोंड करून जी झोपली ती झोपलीच. विहिरीजवळ तिचा फुलांचा ताटवा होता, शेवंती, गुलाब, अबोली. रोज पहाटे तासभर त्यात उकिडवी बसून खुरपणारी बाई ती. मी समजावायला गेलो तर म्हणाली, "मातीले हात लावता येत नाही तं कायले उठू?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. रात्री मोटारसायकलवरून गोंदियाला परतताना मी चक्क रडलो.

भाऊजी सुतळीचा तुकडा घेऊन ताईजवळ गेले, तिला पाच मिनिटं खुर्चीत बसवलं आणि जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप घेऊन गाठ मारली. तिने विचारलं, तर दरवाजाचं माप घेऊन राहिलो म्हणाले. असलं निर्बुद्ध खोटं त्यांनाच जमतं. आणि धानाची मळणी आटोपताच त्यांनी घरामागच्या सांदवाडीत, जिथे भाजीपाला लावतात तिथे, कुदळ घातली.

पुढचे तीन रविवार मी जे पाहिलं त्याला बागकाम म्हणणं म्हणजे गावतळ्याएवढी बोडी खणण्याला आंघोळ म्हणण्यासारखं आहे. आधी त्यांनी एक जुनं मोहाचं खोड उखडलं. ते वीस वर्षं कोणाच्या अध्यातमध्यात नव्हतं. पण मुळं कुठवर गेली आहेत हे त्यांना पाहायचं होतं. मुळं न्हाणीपर्यंत गेली होती, म्हणून न्हाणीची फरशीही उखडली. मग विटा आणल्या आणि सुतळीच्या गाठीइतक्या उंच चार भिंती उभ्या केल्या, खाटेएवढा लांबरुंद वाफा. मजूर लावू म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने घमेला उचलला. मी शाळेत विज्ञान शिकवतो, खडूपेक्षा जड वस्तू उचलायची सवय नाही. गावच्या बोडीतला काळा गाळ मी डोक्यावर वाहत होतो आणि ते प्रत्येक घमेल्यातला गाळ बोटांनी चोळून, वास घेऊन, पास-नापास करत होते. सात घमेले नापास झाले. ते परत नेऊन टाकायचं कामही माझंच.

रोपं आणायला आम्ही गोंदियाच्या नर्सरीत गेलो. तिथे भाऊजींनी गुलाबाची इतकी चौकशी केली की मुलीच्या बापाने जावयाची काय करावी. याला सावली चालते का, याची मुळं सरळ जातात की आडवी, हा रात्री पाणी पितो की दिवसा. नर्सरीवाला कंटाळला, पण माणूस सज्जन होता. शेवटी म्हणाला, "चाचाजी, बस पानी खड़ा मत रखना." भाऊजींनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले की, या शहरवाल्यांची जमीनच चाळणीची, पाणी उभं राहील कुठून, म्हणून ते असं बोलतात. मला ते अगदी रास्त वाटलं. मीही धानवाल्याचाच मुलगा.

आणि मग त्यांनी तो वाफा आपल्या पद्धतीने तयार केला. भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा दिला. तळाशी फरशा बसवून सांधे बुजवले. वर गाळ टाकून त्यात पाणी सोडलं, लेंगा वर खोचला आणि आत उतरून दोन दिवस चिखल तुडवला, रोवण्याआधी बांधीत चिखलणी करतात तसा. बैल आत मावले असते तर त्यांनी तेही घातले असते. नंतर पाण्याच्या पातळीशी भिंतीवर कोळशाने रेघ ओढली आणि सकाळी पाहिलं तर पाणी रेघेवरून हललं नव्हतं. ही बातमी त्यांनी गावभर केली. माणसं पाहायला आली. कोणी रेघेवर बोट टेकवलं, कोणी भिंतीला कान लावला, आणि एकजात सगळ्यांनी मान्य केलं की काम पक्कं झालं. चाळीस-पन्नास माणसं येऊन गेली, त्यांत उभा जन्म मातीत घालवलेले होते, एक विज्ञानशिक्षक होता. यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही.

शेवंती, गुलाब, मोगरा लागले. ताई उठली नाही. फुलं आल्यावर पाहीन, असं म्हणाली. आता सगळं त्या फुलांवर येऊन ठेपलं.

आठवड्याभरात पानं पिवळी पडली. भाऊजींनी पाणी वाढवलं. ती आणखी पिवळी पडली, त्यांनी आणखी पाणी दिलं. मी फोनवर विचारायचो तर एकच उत्तर, "पानी तं भरपूर हाय, बाबू." ताईला मात्र ते रोज सांगत की कळी धरून राहिली आहे.

पौषातल्या एका रविवारी मी गेलो तेव्हा सांदवाडीतून कसलाच आवाज येत नव्हता. भाऊजी वाफ्यासमोर विटेवर बसले होते. दिवसाउजेडी, हातात अवजार नसताना त्यांना बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मांडीवर उपटलेला गुलाब होता. मुळं काळी पडली होती आणि कुजल्याचा वास येत होता. बाकीची रोपंही माना टाकून उभी होती.

"मीच बुडवलो तिचे फुलं," ते म्हणाले. "आता तुझी ताई उठत नाही."

मला त्यांचा राग आला आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त. मुळांना हवा लागते हे मी दर वर्षी सातवीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. मी खाली मान घालून त्यांच्या शेजारी बसलो.

मागे खरखर आवाज झाला. वळून पाहिलं तर ताई दारात, दोन्ही हातांनी वॉकर धरून, घामाघूम. मी उठायला गेलो तर तिने मानेनेच नको म्हटलं. खाटेपासून दारापर्यंतची पंधरा पावलं ती एकटी चालत आली होती. आली ती फुलं पाहायला नव्हे. सकाळपासून कुदळीचा, फावड्याचा, ओरडण्याचा काहीच आवाज नाही, म्हणून ती उठून आली होती.

"काऊन गप्प बसले तुमी?" तिने विचारलं.

मी खुर्ची ओढली, ती बसली, आणि तिचा हात आपसूक वाफ्यात गेला. कोपर भिंतीच्या कडेवर बरोबर टेकलं, ना उंच ना ठेंगणं. तिने मनगटापर्यंत हात चिखलात घातला, मूठ आवळली, सोडली, परत आवळली. कितीतरी दिवसांनी मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलताना पाहिलं. मग ती नवऱ्याला म्हणाली, "हा रोवन्याचा चिखल हाय जी. यात फूल कसं जगन? खालून भोकं पाडा."

मी लोखंडी सब्बल आणून भाऊजींच्या हातात दिली. त्यांनी ती तळाच्या विटेवर टेकवली आणि तशीच धरून उभे राहिले. एवढं खोड उखडणारा माणूस, पण धड भिंतीला आपल्या हाताने भोक पाडणं त्यांच्याच्याने होईना. शेवटी सब्बल माझ्या हातात देऊन ते पाठमोरे झाले. चार घावांत वीट फुटली आणि काळं पाणी भळाभळा बाहेर आलं. आवाज ऐकला मात्र, भाऊजी गर्रकन वळले आणि त्यांची टाच जाऊन भोकावर बसली. बांधीला भोक पडलं की माती आणेपर्यंत माणूस असाच टाच लावून उभा राहतो. त्यांना आपण काय केलं हेही कळलं नसावं.

"पाय काढा," ताई म्हणाली.

त्यांनी काढला नाही.

"अवो, जाऊ द्या पानी. मी लावतो ना परत," ती म्हणाली.

त्यांनी पाय काढला. पाणी वांग्याच्या सरीत शिरलं आणि ते बघत राहिले. मग हळूच ताईच्या खुर्चीजवळ येऊन जमिनीवर बसले. आत जायची वेळ झाली तेव्हा ताईने वॉकरकडे हात नेला नाही. त्यांच्या खांद्यावर भार टाकून उठली. पांढऱ्या बंडीवर चिखलाची पाच बोटं उमटली.

संध्याकाळी ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले ते तीच बंडी घालून. पानठेल्यावर बसलेल्या एकाने विचारलं, "का झालं जी बंडीले?"

"घरवाली उठली," भाऊजी म्हणाले, आणि माझ्या मोटारसायकलचा आरसा उगाचच पुसू लागले.