नॅन गेमेल बाजूच्या सीटवर

डार्व्हेल गावाच्या आसपासच्या शेतांवरची दोन पिढ्यांची पोरं नॅन गेमेलनं शाळेत पोचवली आणि परत आणून सोडली. तिची बस कधी उशिरा आली नाही असं नाही. बर्फ पडला की उशिरा यायची. पण ज्या पोराचे बूट ओले असतील त्याला ती हीटरजवळ बसवायची आणि ज्याचं तोंड उतरलेलं असेल त्याला आपल्या मागच्या सीटवर. विचारायची काही नाही, आरशातून नुसती बघायची. निवृत्त झाल्यावर बस गेली, पण एक सवय राहिली. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ती स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करायची. खेड्यातल्या अरुंद रस्त्यांवर ती रीतच आहे. नॅन मात्र किल्मार्नॉकच्या भर बाजारातही करायची, आणि ही बाई आपल्याला ओळखते की काय, म्हणून लोक मान वळवून बघत राहायचे.

लग्न तिनं केलं नाही. आईचं आजारपण तिनं एकटीनं काढलं आणि आई गेल्यावर घरात तिला सोबत म्हणून एक भिंत उरली. भिंतीपलीकडे विल्मा शेडन राहायची. दोन घरांना मिळून ती एकच भिंत होती. चहाचं आधण ठेवलं की भिंतीवर दोनदा ठोकायचं, हा प्रघात विल्माचा नवरा रॅब गेला त्या वर्षी पडला. तेव्हापासून विल्माला बाजाराला, डॉक्टरकडे, गुरुवारच्या हाउजीच्या खेळाला नॅनच घेऊन जायची. विल्माकडे लायसन्स होतं, तरुणपणी काढलेलं. पण रॅबनं तिला गाडीच्या किल्लीला कधी हात लावू दिला नाही आणि तिनंही कधी मागितली नाही.

मग हिवाळ्यात विल्माची बहीण क्रिसी वारली. क्रिसी उत्तरेला, पार डोंगरापलीकडे समुद्राकाठी, आर्डनेस्क नावाच्या चार घरांच्या वस्तीत राहायची. तिनं आपलं घर आणि शेडमधली छोटी निळी गाडी विल्माच्या नावानं ठेवली होती. दुधासाठीसुद्धा दोन वस्त्या ओलांडून जावं लागतं अशी ती जागा, आणि बस तिकडे फिरकत नाही.

एका सकाळी भिंतीवर दोनदा ठोकून विल्मानं नॅनला बोलावलं, चहा ओतला आणि म्हणाली, “मला गाडी चालवायला शिकव.”

“तुला येते की.”

“यायची. क्रिसीच्या दारापर्यंत मी स्वतः चालवत गेले, तर तिथं राहीन. नाही जमलं तर घर विकून टाकते आणि पुन्हा त्याचं नाव काढणार नाही.”

“तिथं करणार काय एकटी?”

“समुद्र बघत म्हातारी होईन.”

“म्हातारी तू कधीच झालीस,” नॅन म्हणाली. मग तिनं कप पुढे करून आणखी चहा मागितला.

मे महिन्यात निघायचं ठरलं. रस्ता नॅननं आखला. आर्डनेस्कला जायला वाटा दोन. एक किनाऱ्यानं जाते, लांबची आणि सोपी. दुसरी घाट चढून जाते. एका गाडीपुरता रस्ता, एका हाताला खडक आणि दुसऱ्या हाताला काही नाही. नकाशावर नॅनची पेन्सिल घाटावर गेली. जिला घाट जमला तिला सगळंच जमेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण तेवढंच खरं नव्हतं, हे तिला नकाशाची घडी घालतानाही ठाऊक होतं.

नॅनची व्हॅन मूळची एका बेकरीवाल्याची. तिच्या अंगावर पावांची पुसट चित्रं अजून दिसत. मागच्या भागात नॅननं आईची गादी टाकली. हॉटेलात राहायचं म्हणजे डोळे मिटण्याचे पैसे द्यायचे, असं तिचं मत होतं. शिधा घरचाच होता: बटाट्याचे स्कोन, चौकोनी सॉसेज, उकडलेली अंडी, विल्मानं थापलेल्या दूधसाखरेच्या वड्या आणि चहाचे दोन फ्लास्क. फोर्ट विल्यमला सार्वजनिक पोहण्याच्या तलावाचं तिकीट काढून दोघींनी नुसती अंघोळ उरकली. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, “पोहणार नाही का?”

“बुडायची भीती वाटते,” विल्मा म्हणाली आणि ओले केस पुसत बाहेर आली.

लोमंड तळ्याच्या काठाचा गर्दीचा रस्ता नॅननं चालवला होता. पुढे रस्ता मोकळा झाला तशी ती बाजूच्या सीटवर आली. उभ्या आयुष्यात ती या सीटवर फारशी बसलीच नव्हती. हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना. शेवटी तिनं वड्यांचा डबा मांडीवर घेतला आणि त्याचं झाकण घट्ट धरलं.

ग्लेन एटिव्ह नावाच्या दरीतल्या अरुंद रस्त्यावर खरी शिकवणी सुरू झाली. अशा रस्त्यांना जागोजागी फुगवटे काढलेले असतात. समोरून गाडी आली की फुगवटा ज्याला जवळ, त्यानं बाजूला व्हायचं. मागे असेल तर मागे जायचं. दुसऱ्यानं जाताना बोट उचलायचं. एवढाच कायदा. विल्मा मैलभर लांब गाडी दिसली तरी फुगवट्यात शिरून थांबायची आणि ती गाडी जवळ आली की स्टिअरिंग सोडून अख्खा हात हलवायची. पुढे चालत्या गाडीतही तिनं तेच केलं आणि व्हॅन गवतात उतरली.

“एक बोट पुरे, बाईसाहेब,” नॅन म्हणाली. “तू काय मिरवणुकीत बसली आहेस?”

“एक बोट कोरडं वाटतं गं.”

“कोरडंच असू दे. गाडी रस्त्यावर राहते.”

पुढे जाणं विल्माला लवकर जमलं. मागे घेणं जमेना. आरशात बघितलं की तिला डावं-उजवं उलटं व्हायचं, पाय क्लचवरून घाईनं सुटायचा आणि व्हॅन बंद पडायची. दोनदा तसं झालं आणि दोन्ही वेळा नॅन म्हणाली, “सरक, मी घेते.” दोन्ही वेळा विल्मा निमूट सरकली. दुसऱ्या वेळेनंतर मात्र तिनं बराच वेळ वडी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एका तळ्याकाठी उठल्या तेव्हा बारीक चिलटांचे थवे चहाच्या कपात पडत होते. डोक्यावरून टॉवेल घेऊन, चालत चालत दोघींनी स्कोन खाल्ले, कारण उभं राहिलं की चिलटं डसतात. मग विल्मा स्वतःहून ड्रायव्हरच्या बाजूनं चढली.

घाटाच्या पायथ्याशी मोठी पाटी आहे. विल्मानं व्हॅन थांबवून ती मोठ्यानं वाचली. “नवशिक्यांनी, मोठ्या गाड्यांनी आणि कॅरव्हॅननी या रस्त्यानं जाऊ नये.” मग तिनं नॅनकडे बघितलं. “मी यातली कोण?”

“तुझ्याकडे लायसन्स आहे.”

“लग्नातला झगाही आहे माझ्याकडे. दोन्ही पेटीत ठेवून दिलेत.”

“मग परत फिरू या?” नॅननं विचारलं. ते तिनं जरा जास्तच पटकन विचारलं.

पहिल्या गिअरमध्ये टाकून विल्मानं व्हॅन चढावर घातली.

चढ निम्म्याहून अधिक झाला होता. विल्मा जीभ दातांत धरून चालवत होती आणि चांगलं चालवत होती. नॅन झाकण धरून बसली होती. तेवढ्यात वरच्या वळणावरून एक पांढरीशुभ्र, घराएवढी कॅम्परगाडी उतरत आली आणि समोर येऊन थांबली. चढावर मात्र रीतीप्रमाणे उतरणाऱ्यानं मागे जायचं असतं. पण आतला तरुण खिडकीची काच खाली करून म्हणाला, “मला हिला मागे घेता येत नाही हो. माझी नाहीये ही, भाड्यानं घेतलीय.” शेजारी त्याची बायको डोळे मिटून बसली होती.

“ही पण माझी नाही,” विल्मा त्याला म्हणाली. “हिची आहे.”

मग तिनं हँडब्रेक ओढला. सर्वांत जवळचा फुगवटा मागे होता, खाली, एका वळणापलीकडे. “नॅन,” ती हळू आवाजात म्हणाली, “तू घे.”

नॅनला फारसं काही करायचं नव्हतं. उतरून पलीकडून चढायचं, आणि व्हॅन मागे घ्यायची. तिला ते झोपेतही आलं असतं. मग विल्मा घर विकणार, दोघी डार्व्हेलला परतणार, गुरुवारी हाउजी असणार आणि भिंतीवर दोनदा ठोकल्याचा आवाज येत राहणार. यात कुणाचं वाईट झालं असतं असंही नाही. विल्मानंच तर सांगितलं होतं.

नॅननं डबा सीटवर ठेवला आणि दार उघडून ती उतरली. विल्मा पट्टा सोडायला लागली.

“पट्टा राहू दे,” नॅन म्हणाली.

ती चालत व्हॅनच्या मागे गेली, उतारावर थोडी खाली, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. विल्माला आरशात ती पुरती दिसत होती; जुना हिरवा कोट, डोक्याला रुमाल.

“तिथं काय उभी राहतेस?” विल्मा खिडकीतून ओरडली. “तुझ्या अंगावर घालीन मी गाडी.”

“घालू नकोस म्हणून तर उभी आहे. रस्त्याकडे बघू नकोस. डावं-उजवं विसर. माझ्याकडे बघ आणि माझ्याकडे ये.”

नॅन एकेक पाऊल मागे सरकू लागली आणि व्हॅन तिच्याकडे येऊ लागली. एकदा बंद पडली. पुन्हा सुरू झाली. क्लच जळल्याचा वास सुटला. वळणावर मागचं चाक कडेच्या खडीवर गेलं, तेव्हा नॅननं तळहात उभा धरला आणि विल्मा थांबली. नॅननं हात खडकाच्या बाजूला हलवला. विल्मानं स्टिअरिंग थोडं फिरवलं. चाक रस्त्यावर आलं. मग वळण संपलं, फुगवटा आला आणि पावांची चित्रं अंगावर घेऊन ती व्हॅन त्यात अलगद जाऊन उभी राहिली.

कॅम्परगाडी शेजारून सरकत गेली. विल्मानं एक बोट उचललं. त्या तरुणानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

“बोट नाही उचललं मेल्यानं,” विल्मा म्हणाली.

“त्याचे दोन्ही हात चिकटलेत स्टिअरिंगला. जाऊ दे. वडी खातेस?”

“दोन दे.”

दुपारनंतर त्या आर्डनेस्कला पोचल्या. किल्ली दाराशी, कुंडीखाली होती. घरात ओलसर वास होता. विल्मानं खिडक्या उघडल्या, शेगडी पेटवली आणि क्रिसीच्या किटलीत पाणी ठेवलं. चहा घेऊन दोघी दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. समोर समुद्राला ओहोटी लागली होती.

“किनाऱ्यानं आलो असतो,” विल्मा म्हणाली, “तर हाडं तरी शाबूत राहिली असती.”

नॅननं कप खाली ठेवला. “तुला माहीत होता तो रस्ता?”

“रॅब मला दर उन्हाळ्यात आणायचा गं इथं. नेहमी किनाऱ्यानंच. घाटाला त्याची फाटायची.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, हिला मला घाबरवायचंय तर घाबरवू दे. बघू या तरी.” विल्मानं चहाचा घोट घेतला. “तू उतरलीस तेव्हा वाटलं, संपलं. आता ही गाडी घेते.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” नॅन म्हणाली.

चहा संपवून विल्मा उठली आणि तिनं शेडमधल्या निळ्या गाडीवरची ताडपत्री काढली. गाडी सुरू करायला शेजारच्या कोळ्याच्या बॅटरीची मदत घ्यावी लागली, पण सुरू झाली.

नॅन तिथं दोन दिवस राहिली. छपराची एक गळकी पन्हळ तिनं दुरुस्त करून दिली आणि विल्माला निळी गाडी अंगणात इतक्या वेळा मागे घ्यायला लावली की शेजारचा कोळी खुर्ची टाकून बघत बसला. निरोप दारात द्यायचा नाही, असं दोघींचं ठरलं होतं. विल्मा म्हणाली होती, “दारात उभं राहिलं की मला रडू येतं आणि तुला सर्दी होते.” म्हणून निघायच्या सकाळी विल्मा लवकर उठून एकटीच दूध आणायला गेली आणि नॅननं कप धुऊन पालथे घातले, किल्ली कुंडीखाली ठेवली आणि व्हॅन काढली. या वेळी ती किनाऱ्याच्या रस्त्यानं निघाली.

तो रस्ताही एका गाडीपुरताच आहे, फक्त सपाट. बाजूच्या सीटवर वड्यांचा डबा होता, विल्मानं तळ दिसू नये इतका भरून दिलेला. मागून एक लाल टपालगाडी येऊन लागली. पुढच्या वळणावर समोरून निळी गाडी आली.

फुगवटा विल्माच्या मागे होता. नॅन थांबली. तिचा हात सवयीनं दाराच्या कडीवर गेला होता. तो तिनं परत मांडीवर घेतला. निळी गाडी क्षणभर तशीच राहिली. मग गिअर पडल्याचा आवाज झाला आणि ती जराशी वाकडी, मग सरळ होत मागे गेली आणि फुगवट्यात उभी राहिली. मागे कुणी उभं नव्हतं.

नॅन शेजारून जाऊ लागली तशी विल्मानं काच खाली केली. “दूध आणलंय. चहा घेऊन जातेस का?”

“माझ्या मागे गाडी आहे,” नॅन म्हणाली.

अशा रस्त्यावर मागच्याला खोळंबवून ठेवायचं नसतं, हे विल्माला आता सांगावं लागत नव्हतं. नॅननं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं आणि ती पुढे गेली. आरशात तिला दिसलं, विल्मा खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवत होती. मग टपालगाडी तिच्या शेजारून गेली. तिच्यासाठी विल्मानं हात आत घेतला, स्टिअरिंगवर ठेवला आणि एकच बोट उचललं.