आईची अट आणि साठ खुर्च्या

माझ्या आईला कॅन्सर झाला होता. ती बरी झाली. मी अजून सावरतोय.

गैरसमज नको. आजार तिचाच, ऑपरेशन तिचं, केमो तिची आणि केस गेले तेही तिचेच. (माझे गेले ते हिंजवडीतल्या नोकरीमुळे.) तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, "आता फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी करत राहा." सुरुवातीला आई मुकाट्याने आली. नंतर मात्र तिने जी टाळाटाळ सुरू केली, ती चांगली आठ महिने चालली. मी मारुंजीला राहतो, ती घोटावड्याला. दर आठवड्याला मी गाडी घेऊन तिच्या दारात उभा आणि तिच्याकडे दर आठवड्याला नवं कारण तयार! भातलावणी आहे. म्हैस व्यायला झालीय. शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. एकदा तर काहीच सुचेना, तेव्हा म्हणाली, "आज न्हाई जमायचं. सकाळधरनं मांजर कुटं दिसंना."

"आई, मांजराचा आणि तुझ्या तपासणीचा काय संबंध?"

"मला काय धाड भरलीया? दोन भाकरी खाते, रानात जाते. ठणठणीत मानसानं दवाखान्यात जाऊन जागा कशाला अडवायची?"

अशातच आमच्या सोसायटीतल्या सायकलवाल्या मंडळींनी एक फेरी काढायची ठरवली. डोंगरातल्या वाड्यांवरच्या कॅन्सरच्या पेशंटांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी एक गाडी घ्यायची होती, तिच्या वर्गणीसाठी ही फेरी. कुणाच्या तरी सन्मानार्थ काढू या, असं कुणीतरी म्हणालं आणि मी ताडकन हात वर केला. "माझी आई!" मला वाटलं, आपण झेंडा दाखवायचा, फोटो काढायचा आणि पोहे खायचे. मंडळी म्हणाली, "वा! मग सगळ्यात पुढे तूच!" सूस ते घोटावडे, लवळे-पिरंगुटमार्गे, जेमतेम वीस किलोमीटर. त्यांच्या दृष्टीने हा नुसता वॉर्म-अप होता. मी शेवटची सायकल चालवली ती दहावीत, आणि तीही उतारावर.

आईला हे सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "बरं. तू सूसपासनं हितवर सायकलवर आलास, तर दुसऱ्याच दिवशी मी तपासायला येते. आन् न्हाई आलास, तर पुन्ना ह्या विषयावर चकार शब्द काढायचा न्हाई. हाय कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. आठ महिन्यांचा घोर वीस किलोमीटरमध्ये मिटत होता, मला आणखी काय हवं होतं?

त्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सूसहून निघालो. बाकीचे अंगाला चिकटलेल्या चकचकीत कपड्यांत होते, मी लग्नाआधीच्या ट्रॅकपँटमध्ये. (तीही अंगाला चिकटलेलीच होती, पण वेगळ्या कारणाने.) पहिले काही किलोमीटर बरे गेले. मला काय माहीत, की आईने आदल्या दिवशीच वाटेवरच्या यच्चयावत नातेवाइकांना फोन लावले होते! निरोप एकच, "माझा बाळू सायकलवर येतोय. उपाशी जाऊ देऊ नका."

लवळ्यात मावशी ओवाळणीचं ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. कपाळ हेल्मेटखाली गेलेलं, म्हणून तिने कुंकू हेल्मेटलाच लावलं.

"मावशी, थांबायला वेळ नाही गं."

"वेळ न्हाई? सख्ख्या भनीचं पोर दारावरनं उपाशी घालवू व्हय? चल आत!"

आत पिठलं, भाकरी, ठेचा आणि वर वाटीभर खीर. आमच्या मंडळींनी एकेक घास घेतला आणि ती सटकली. मला कोण सोडतंय! "तुम्ही व्हा पुढे, मी गाठतोच तुम्हाला," असं मी खिडकीतून ओरडलो. तोंडात भाकरी असल्यामुळे ते त्यांना कितपत कळलं कोण जाणे. मावशीच्या तावडीतून सुटलो तेव्हा पोट हँडलला टेकत होतं.

पिरंगुटला मामा. हातात शाल, नारळ आणि भगवा फेटा, शेजारी हलगीवाला.

"हेल्मेट काढ, फेटा बांधतो."

"मामा, हेल्मेट काढायचं नाही, तसा नियम आहे."

"मग वरनंच बांधू की!"

आणि खरोखरच हेल्मेटवर फेटा बांधला! माझं डोकं एकदम दुप्पट झालं. मग मामाच्या चार शेजाऱ्यांनाही सत्कार करावासा वाटला. मामाचा धरून एकूण पाच नारळ झाले. ते शालीत बांधून हँडलला लटकवले. मामीने "गोड खाल्ल्याबिगर सत्कार पुरा व्हत न्हाई" म्हणत ताटलीभर शिरा चारला. तिथून निघालो तेव्हा सायकल डावीकडे जायची, नारळ उजवीकडे आणि मी देवाच्या भरवशावर.

घोटावड्याच्या वाटेवरच्या चढाच्या पायथ्याशी माझे पाय संपले. मी सायकल आडवी टाकली आणि झाडाखाली बसलो. ऊन तापलं होतं, छाती भात्यासारखी चालली होती आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आता पोचलो नाही, तर आई पुन्हा कधीही तपासणीला यायची नाही. आत काही वाढत असेल तर? मला खरोखर घाम फुटला, आणि तो चढाचा नव्हता.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. पिरंगुटचे मंडपवाले इक्बालभाई, माझ्या वडिलांचे जुने दोस्त.

"काय रं बाळ्या, लगीन हाय का कुनाचं?"

"नाही हो इक्बालभाई. सायकल फेरी आहे."

"मग फेटा कशाला?"

"ते मामाला विचारा. तुम्ही कुठं निघालात?"

"घोटावड्याला. टाक सायकल मागं!"

इथे मी विचार करायला हवा होता. रविवारी सकाळी घोटावड्यात मंडपवाल्याचं काय काम, असं विचारायला हवं होतं. पण मी विचार केला तो एवढाच, की आईला काय कळतंय? "गावाच्या अलीकडं, ओढ्याच्या पुलावर उतरवा," असं बजावून मी मागे चढलो. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्याच थप्प्या. त्यांच्या पलीकडे, केबिनला लागून, गुंडाळलेल्या सतरंज्या. त्यांच्यावर मी जरा टेकलो. पोटात पिठलं, खीर आणि शिरा, अंगावर सावली आणि टेम्पोचा मंद हेलकावा.

पुलावर इक्बालभाईंनी इमानदारीत टेम्पो थांबवला, केबिनमधूनच दोन हाका मारल्या, उत्तर आलं नाही म्हणताना मी उतरून गेलो असं समजून ते पुढे निघाले. हे मला नंतर कळलं.

शाळेच्या पटांगणात अख्खा गाव उभा होता. सायकलवाले पाऊण तासापूर्वीच पोचलेले. वाड्यांवरून आलेल्या बाया, सरपंच आणि नवं लुगडं नेसलेली आई, सगळे उन्हात उभे. कारण फेरीच्या स्वागताच्या कार्यक्रमाच्या साठ खुर्च्या अजून यायच्या होत्या! टेम्पो दिसताच "खुर्च्या आल्या, खुर्च्या आल्या" असा गलका झाला आणि शंभर हात धावले. एकेक थप्पी खाली उतरत गेली. शेवटची उतरली आणि तिच्यामागे मी प्रकट झालो. फेट्यासकट, मांडीवर पाच नारळ, तोंड उघडं, आणि (हे सगळ्यांनी शपथेवर सांगितलं) घोरत!

जाग आली ती आईच्या आवाजाने. "व्हय, ह्यो माझाच हाय," असं ती सरपंचांना सांगत होती.

मी धडपडत खाली उतरलो. आई म्हणाली, "हरलास."

"आई, अर्ध्याहून जास्त मी चालवलीय!"

"शब्द म्हंजी शब्द. विषय संपला."

मग मला राहवलं नाही. सगळ्या गावादेखत मी ओरडलो, "हरलो! मान्य! पण तुझी तपासणी होत नाही तोवर माझा डोळ्याला डोळा लागत नाही गं!"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आत्ता तर लागला हुता की!"

सगळं पटांगण हसलं. आईही हसली. पण हसता हसता तिचा चेहरा बदलला. माझा हात धरून तिने मला टेम्पोच्या आडोशाला नेलं.

"मला भ्या वाटतं रं बाळू," ती हळूच म्हणाली. "मागच्या खेपंला बी मी ठणठणीतच हुते. तपासायला गेले आन् आजारी होऊन आले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिने मी तिच्या कारणांशी हुज्जत घालत होतो, मांजरावरून वाद घालत होतो, आणि ती घाबरलीय हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

"मी सोबत आहे ना," मी म्हणालो.

तिने नाक पुसलं. "टेम्पोत कुटं चढलास?"

"चढाच्या पायथ्याशी."

"चल मग तितं. तितनं ये चालवत. मी बघते."

इक्बालभाईंनी आम्हाला परत नेलं. मी सायकलवर बसलो, मागे टेम्पो आणि टेम्पोच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेली आई. "मार पाय! आरं मार की! मावशीचं पिठलं फुकट घालवतो का?" निम्म्या चढावर मी पार थांबलो. तशी ती खाली उतरली, पदर खोचला आणि सीटला हात लावून मला मागून ढकलायला लागली. सहासष्ट वर्षांची बाई!

"आई, ढकललेलं चालतं का?"

"अट माझी हाय. चालतं! तू पुढं बघ."

माझ्याइतकंच तिलाही मी जिंकायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. ती मला ढकलत ढकलत स्वतःच्याच तपासणीला निघाली होती. पटांगणात पोचलो तेव्हा नुकतीच बसलेली सगळी मंडळी खुर्च्यांवरून पुन्हा उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आई आली. दवाखान्यात माझा हात सोडला नाही, पण आली. चार दिवसांनी रिपोर्ट मिळाला. एकदम स्वच्छ! डॉक्टर खूश, आई खूश. मी आनंदाने मटकन खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "जिना चढून एवढी धाप? दंड पुढे करा बघू." ब्लडप्रेशर झालं, रक्त काढलं, आणि माझा रिपोर्ट वाचताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

त्यानंतरची तपासणी आई वेळेवर स्वतःच करून आलीय. माझीच फेरतपासणी राहिलीय. दर आठवड्याला ती घोटावड्याहून एसटीने येते आणि माझ्या दारात उभी राहते. "चल बाळू, तपासायला."

गेल्या वेळी मला दुसरं काहीच सुचेना. म्हणालो, "आज नको गं आई. सकाळपासून सोसायटीतलं मांजर कुठे दिसत नाहीये."