एकाच पातेल्यातली तर्री

शेवभाजीची तर्री वाटीने पिणारा माणूस अमळनेरजवळच्या आमच्या गावात एकच, माझा थोरला भाऊ. भाजीवर तरंगणारं ते लालभडक तेल तो चहासारखं प्यायचा, मिश्या पुसायचा आणि पंगतीकडे असा बघायचा, की टाळ्या वाजवणं भागच पडे.

म्हणून नव्वद सालाच्या आधीच्या एका हिवाळ्यात त्याला शौचाला रक्त पडू लागलं, तेव्हा कोणी दचकलं नाही. "तर्रीनी आग शे," तो म्हणाला, आणि अख्ख्या गल्लीने माना डोलावल्या. आईने ताक दिलं, काकूने सब्जा भिजवला. आग निघेना. त्याच्या पट्ट्याला दाभणाने नवं भोक पडलं, मग त्याच्या शेजारी आणखी एक. पंगतीत वाटी मात्र भरलेलीच.

शेवटी वहिनीने मला गाठलं. "भाऊजी, पोट धरून बसतात हो. तुमचंच ऐकतील."

ऐकतोय कसला! सिनेमाची लालूच दाखवून मी त्याला धुळ्याच्या एसटीत घातलं आणि थेट रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांच्या दारात उभं केलं.

"लबाड शे तू," तो म्हणाला.

डॉक्टरांनी समजावलं: रक्त उभ्या नळीत तासभर ठेवायचं. अंगात कुठे सूज धुमसत असेल तर लाल भाग झपाट्याने खाली बसतो, वर पिवळं पाणी उरतं.

भाऊ हसला. "तर्रीचीच सूज आहे साहेब. काल दोघांनी एकाच पातेल्यातली खाल्ली. याचंही काढा, सारखंच उतरेल."

डॉक्टरही गमत्या. काढलं.

दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि आम्ही समोर बाकावर, तमाशाला पहिल्या रांगेत बसावं तसे. माझं रक्त जागचं हलेना; वर जेमतेम एक पिवळी रेघ. त्याचं उतरत होतं. उतरताना दिसायचं नाही, पण नजर काढून परत बघावं तर आणखी खाली गेलेलं. मी एक विनोद केला, तो हसला. दुसरा केला, तेव्हा तो नळीकडेच बघत होता.

डॉक्टर आले, वाकले, सरळ झाले. "हे मिरचीचं काम नाही. साधी मूळव्याधही वाटत नाही. नळी रोगाचं नाव सांगत नाही, पण शरीराची फौज आपल्याच आतड्यावर उलटली असावी, अशी मला शंका आहे. मुंबईला दुर्बिणीने बघून घ्या. आत्ता गेलात तर आतडं वाचवता येईल. अंगावर काढलंत तर कापायची वेळ येईल."

"पण तर्री तर एकच होती," भाऊ हळूच म्हणाला.

स्टँडसमोरच्या हॉटेलात पोऱ्याने न विचारता शेवभाजी ठेवली. भावाने सवयीने वाटी उचलली. तर्री वर तरंगत होती. तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला, जणू ती आत्ता खाली बसेल.

मग त्याने वाटी माझ्याकडे सरकवली.

"मुंबईनी गाडी कितला वाजता शे?"