करवंट्यांचे घोडे

गुहागरच्या एसटी स्टँडवर आप्पांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस, पण चारचौघांत लेकीच्या गालावरून हात फिरवायला लाजला नाही. चार वर्षांची रेवा माझ्या कडेवर होती. नवरा आधीच ओमानला गेला होता, सोहारच्या एका अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात. मी हायस्कुलातली नोकरी सोडून त्याच्यामागे निघाले होते.

"तिथे गप्प राहू नकोस गो," आप्पा म्हणाले. "गप्प माणसाला लोक सामान समजतात."

ही २०१२ची गोष्ट. पुढची दोन वर्षं मी सामानच होते. फॅमिली व्हिसावर नोकरी करता येत नाही. नवरा शिफ्टला, रेवा शाळेत, आणि मी एसीची घरघर ऐकत बसलेली. शाळेच्या गेटवर इतर आया भराभर इंग्रजी बोलायच्या. माझं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं; तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा. कान तयार व्हावा म्हणून मी इंटरनेटवर काहीबाही ऐकू लागले आणि एका दुपारी अमेरिकेतल्या जुन्या रेडिओ नाटकांपाशी येऊन थांबले. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची नाटकं. शेरीफ, गुराखी, धुळीने भरलेली एका रस्त्याची गावं. निम्मे शब्द डोक्यावरून गेले, पण घोड्याच्या टापा कळल्या. गुत्त्याचं दार किरकिरलं आणि सगळे एकदम गप्प झाले, तेही कळलं. खिडकीबाहेर बघितलं तर तसेच उघडेबोडके तपकिरी डोंगर उभे होते.

एव्हाना आप्पांना अक्षर दिसेनासं झालं होतं. ओमानहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लागत नसे, पण आवाज रेकॉर्ड करून पाठवता येई. आप्पा दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे राहायचे. मी दादाच्या फोनवर आप्पांसाठी ती नाटकं मराठीतून सांगून पाठवू लागले. सगळी पात्रं मीच. रेवा मोठी झाली तशी तीही सामील झाली. चहाच्या ट्रेमध्ये सोहारच्या किनाऱ्यावरची वाळू पसरायची आणि त्यावर नारळाच्या दोन करवंट्या आपटायच्या, की घोडा दौडत यायचा. बापाच्या पट्ट्याला पीळ दिला की खोगीर करकरायचं. रेवाचं मराठी मात्र अडखळतं. "घोडा आली," ती म्हणायची. आप्पांचं उत्तर यायचं, "घोडा आला, बाळ. पण टापा झकास!"

दादाला हे पटेना. "आप्पांचं वय काय आणि तू ऐकवतेस काय?" तो म्हणाला. "हरिपाठ पाठव. आणि रेवाला बोलायला नको लावूस, लोक हसतात."

मी थांबले नाही. मग आप्पांचीच उत्तरं थांबली. दीड महिन्याने वहिनीने हळूच सांगितलं, की दादा ती रेकॉर्डिंग्ज लावतच नाही आणि आप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात.

दादा, तू हे वाचशील. त्या दिवशी मी रडले नाही, मी चिडले. ज्या माणसाने आपल्याला वाचायला शिकवलं, त्याने काय ऐकायचं ते तू ठरवणार? मी मोठ्या बटणांचा एक प्लेअर आणला, त्यात सगळे भाग भरले आणि टॅक्सीने मस्कतच्या वाटेवरच्या बरका गावी गेले. तिथे हमीदभाईंचं किराणा दुकान होतं. आमच्याच बाजूचे, दाभोळचे. ते सुट्टीवर गावी निघाले होते.

"आप्पांच्या हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाय," ते म्हणाले. आणि तसंच केलं. आमच्या ओटीवर बसून त्यांनी आप्पांचं बोट एकेका बटणावर ठेवून शिकवलं. निघताना म्हणाले, "मास्तर, आता कुणाला विचारायची गरज नाय."

खरी अडचण पुढे आली, जेव्हा मी तीच नाटकं दुसऱ्यांदा ऐकायला बसले. आता इंग्रजी कळत होतं. रेवा शेजारी होती. शेरीफ ओरडला, "इंडियन्स!" आणि गोळ्या सुटल्या. रेवाने विचारलं, "आई, इंडियन्स म्हणजे आपण?"

मी तिला समजावलं, की ते त्या देशातले मूळचे लोक. ती म्हणाली, "मग त्यांच्याच घरी त्यांना का मारतात?" त्याच आठवड्यात आप्पांचा निरोप आला, वहिनीच्या फोनवरून: "तो बाणवाला माणूस प्रत्येक वेळी येतो आणि मरतो. त्याला बोलायला का देत नाहीस गो?"

पहिल्या खेपेला मला हे ऐकूच आलं नव्हतं. मूळ नाटकात तो बोलायचा, पण मोडकंतोडकं, हसू यावं म्हणून. मी सगळे भाग परत लिहायला घेतले. त्या माणसाच्या जागी एक मुलगी घातली, नदीकाठच्या वस्तीतली. तिचं काम रेवाला दिलं. ज्या मराठीला लोक हसतात असं दादा म्हणायचा, त्याच मराठीत तिने बोलायचं, असं मी ठरवलं.

२०१७च्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. आप्पांनी हट्टच धरला, की रेकॉर्डिंग नको, समोर करा. सकाळी अंगणात वाडीतली चाळीसेक माणसं जमली. दादा दारातच उभा राहिला. रेवा शेरीफसमोर, म्हणजे माझ्यासमोर, येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ही नदी माझा आहे. तू विचारलास नाही. मी जाणार नाही."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. रेवा माझ्याकडे बघू लागली. आप्पा काठी टेकत उठले. "ज्याला हसायचंय त्याने पुढे यावं," ते म्हणाले, "आणि हिच्याइतक्या भाषा बोलून दाखवाव्यात. अडखळत का होईना."

कुणी पुढे आलं नाही. रेवाने डोळे पुसले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. चूक तशीच ठेवून, आवाज चढवून.

जेवताना दादाने विचारलं, "घरी कायमचे कधी येणार तुम्ही?" त्याच्या विचारण्यात राग नव्हता, पण मी कुठेतरी पाहुणी राहते असा सूर होता. ओमानच्या रहिवासी कार्डाची मुदत दोन वर्षांची असते, हे मला माहीत आहे. सोहारची जमीन माझी नाही आणि मला ती नकोही आहे. तरी तिथल्या स्वयंपाकघरात मी बोलायला शिकले, आणि माझी मुलगी जे बोलते त्याला मी मराठीच म्हणते.

"घरूनच आलोय, दादा," मी म्हटलं. "आणि घरीच आलोय."

 दादाने रेवाच्या पानात आणखी एक आंबोळी वाढली.