कॉलनीचा भाव

आमच्या कॉलनीत त्यांना सगळे भावकाका म्हणत. पोस्टातून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. कोणाचं घर किती फुटांचं, कितीला घेतलं, आज विकलं तर किती येतील, हे त्यांना घरमालकापेक्षा जास्त पाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र दरवर्षी विसरतात, असं काकूच सांगायच्या. तरुणपणी वडिलांच्या आजारपणात राहतं घर त्यांना मिळेल त्या किमतीला विकावं लागलं होतं. वडील त्या दुखण्यातून उठले. काकांच्या लक्षात राहिली ती फक्त किंमत.

एक घर स्वस्तात गेलं की पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक तोच आकडा तोंडावर फेकतं, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. म्हणून सभेत ठराव झाला: ठरलेल्या भावाखाली घर विकणाऱ्याला सोसायटी ना-हरकत पत्र देणार नाही. कायद्यात हे बसतं का, कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. मीसुद्धा.

त्याच वर्षी तळमजल्यावरच्या शिंपी मास्तरांच्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. महिन्याच्या आत करा, डॉक्टर म्हणाले. मास्तरांकडे विकण्यासारखं घरच होतं. एक गिऱ्हाईक रोख द्यायला तयार होतं, पण भाव पाडून मागत होतं. मास्तर पत्रासाठी काकांकडे आले तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"मास्तर, अडलेल्याला लुटायला लोक टपलेलेच असतात," काका म्हणाले. "थोडं थांबा. मी आणतो ना चांगलं गिऱ्हाईक."

"काका, तिला आता बाथरूमपर्यंत जाताना मधे बसावं लागतं हो."

"तुमच्याच भल्याचं सांगतोय."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप तोंडाला लावला.

काका बोलल्याप्रमाणे राबले. भर उन्हात ब्रोकरांचे उंबरे झिजवले, पदरमोड करून पेपरात जाहिरात दिली. पाचव्या आठवड्यात मास्तरांची बायको गेली. सहाव्यात काकांना गिऱ्हाईक मिळालं, पूर्ण भावाचं. सही केलेलं पत्र घेऊन ते मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नसावं.

"आता कशासाठी विकू, काका?" मास्तर म्हणाले आणि मशीनवर जाऊन बसले.

काकांनी सेक्रेटरीपद सोडलं. कोणी भाव विचारला तर नुसता ब्रोकरचा नंबर द्यायचे. दोन वर्षांत तेही गेले. मला त्यांचा राग येत नाही. येतो तो माझाच. त्या दिवशी मी एक शब्द बोललो असतो तर काकांनी कदाचित ऐकलंही असतं.

ठराव मात्र कोणी रद्द केला नाही, आणि भाव चढत राहिला. गेल्या वर्षी मी घर विकलं. सामान खाली आणायला मास्तर आपणहून आले. शेवटचं खोकं टेम्पोत सरकवून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मिळाला ना चांगला भाव?"

टोमणा असता तर सोसला असता. पण ते खरंच आपुलकीने विचारत होते. मी हो म्हणालो.