प्रल्हाद सरांची उन्हात वाळवलेली वीजपेटी

आमचे प्रल्हाद सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्यावर लिहायला मलाच सांगितलंय, तेव्हा नंतर तक्रार चालणार नाही.

आमचे हे वारले आणि त्यांच्या जागी मी कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले, तेव्हा सरांची पहिली ओळख झाली. "बसा अक्का," म्हणत त्यांनी स्टूल पुढे केलं. त्याचा एक पाय हलत होता. सरांच्या प्रयोगशाळेत तेव्हा सगळंच हलत होतं.

शेवटच्या वर्षाला वायू भरलेल्या काचेच्या नळीचा प्रयोग होता. ती पेटवायला हजारो व्होल्ट लागत. तयार यंत्र कॉलेजला परवडत नव्हतं. त्यात विद्यापीठाची समिती येणार होती. नळी पेटली नाही, तर वर्ग बंद, आणि पुढचं शिक्षण जळगावला. पोरं गेली असती हो. खेड्यावरच्या पोरींना कोण धाडतं?

लोक तेव्हा रंगीत टीव्ही घेऊ लागले होते. सरांनी दुरुस्तीवाल्याकडून टाकून दिलेल्या जुन्या टीव्हीची, हजारो व्होल्ट काढणारी कॉइल मागून आणली, लाकडी पेटीत बसवली, आणि नळी गुलाबी पेटवून दाखवली.

समितीच्या दिवशी सकाळी मात्र सरांनी, विज्ञानाचे प्राध्यापक बरं का, पेटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी पेटीवरच शिंपडलं. झाकणाला हवेसाठी भोकं होती. बटण दाबताच आत चर्र झालं. सरांचं तोंड हळदीसारखं पिवळं!

त्यांनी पेटी उघडली, स्पिरिटने पुसली, गच्चीवर उन्हात ठेवली.

"सर, पापड घातलेत तर कावळेही हाकला," मी म्हटलं. सर खरंच रुमाल हलवत बसले.

समिती आली. सर म्हणाले, "अक्का, बटण तुम्ही दाबा."

मागून ऑफिसातले नाना अहिराणीत कुजबुजले, "त्या कशाला? शुभ काम शे."

"रोज सकाळी कुलूप त्याच उघडतात, नाना. तेव्हा काय अशुभ होतं?" सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "एक हात खिशात ठेवा. दोन्ही हात पेटीजवळ नकोत."

"लुगडाले खिसा कोठे शे, सर?"

समिती हसली. सरांनी हात पाठीशी धरायला सांगितलं. मी बटण दाबलं. नळी पेटली आणि वर्ग राहिला. गावात मला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

त्या वर्गातल्या पोरी आज धुळ्यापासून अमळनेरपर्यंत शाळांत शिकवतात. सर, तुम्हाला एवढं आयुष्य लाभो, की त्यांच्या नातीही तुमच्याकडे शिकायला याव्यात, आणि त्यांना रागवायला तुम्हाला दम पुरावा.